भिमाबाईचा अरुंद तोंडाचा माठ

मी एक जुना माठ आहे, तोंडाने अरुंद आणि स्वभावाने जरा फटकळ. मित्रांनो, तिसगावच्या बाजारात मला कुणी घेईना. "ह्याच्यात हात सुदिक जात न्हाई, घासायचा कसा?" म्हणून बायका पुढे जात. शेवटी भिमाबाईने मला घेतले.

बहात्तरचा दुष्काळ होता. पाझर तलावाच्या कामावरची माणसे झोपड्या घालून एकत्र राहत होती. टँकर आला की आधी मोठे लोखंडी पिंप भरायचे. भिमाबाईचे घर बौद्ध. त्यांनी पिंपाला शिवायचे नाही, अशी ताकीद होती. टँकरवाला त्यांचे पाणी नळीने लांबूनच माझ्यात सोडी. मला याचा फार राग येई.

मग तळावर जुलाब-उलट्यांची साथ आली. गोजरबाईची चिमुकली चांगुणा निपचित पडली. तिचे डोळे खोल गेले होते. सरकारी डॉक्टरीण पुष्पावतीबाई झोपडी न् झोपडी फिरल्या. मुकादम म्हणाला, "टँकरचंच पानी खराब हाय."

"टँकर तर एकच. मग भिमाबाईकडे कुणीच आजारी कसं नाही?" पुष्पावतीबाईंनी विचारले.

मग बाई पिंपापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जो येई तो तांब्या मनगटापर्यंत बुडवी. परसाकडून आलेले हातही तसेच बुडत. माझ्यात हात जातच नव्हता. मला कलता करूनच पाणी घ्यावे लागे. भिमाबाईचा स्पर्श होऊ नये म्हणून सगळे जपत होते, स्वतःच्या हातांकडे कुणाचे लक्षच नव्हते.

बाईंनी पिंप ओतून टाकायला लावले. "पोरीला मीठ-साखरेचं पाणी लगेच पाजा, नाहीतर ती हातची जाईल." टँकर उद्या येणार होता. चांगले पाणी फक्त माझ्यात होते.

गोजरबाई जागची हलेना. ही बाई लेकरापेक्षा विटाळच जपणार, या भीतीने मी गारठलो.

भिमाबाईने मला तिच्यापुढे ठेवले आणि ती मागे सरली. "गोजरबाई, तुमीच वतून घ्या. तुमच्या भांड्याला मी शिवत न्हाई."

गोजरबाईने आपल्या हातांकडे पाहिले आणि ती रडू लागली. "न्हाई बाई, तुमीच वता. माजे हात त्या पिंपात बुडालेले हायेत."

चांगुणा घोट घोट पाणी प्याली. दिवस कलला तेव्हा तिने आईला हाक मारली.

मित्रांनो, पाण्यात हात बुडवू नका आणि कुणाला पाण्यापासून लांब उभे करू नका. आता माझ्या काठाचा टवका उडाला आहे. चांगुणा मोठी झाली, तरी भिमाबाईकडे आली की माझेच पाणी पिते. पण मला हात लावण्याआधी ती हात धुते.