मी न पाहिलेले डोळे

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी कल्पना करा, की तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसला आहात. खिडकीला काळा पडदा आहे. समोरून उजेडाची एक बारीक रेघ येते आणि हळूहळू तुमच्या डोळ्यावरून सरकते. त्या उजेडामागून कोणीतरी तुमच्याकडे टक लावून पाहत आहे. घाबरलात? घाबरू नका. तो मीच.

मी एक जुना स्लिट लॅम्प आहे. डोळ्यांचे डॉक्टर ज्यातून डोळा मोठा करून पाहतात, ते यंत्र. सोलापुरात मला या नावाने फारसे कोणी ओळखत नाही. ‘डोळ्याचं मशीन’ म्हटले, की सगळ्यांना समजते.

दूरच्या एका कारखान्यात माझी भिंगे घासून तयार झाली. मग पेंढ्यात गुंडाळून मी राजश्री डॉक्टरांच्या दवाखान्यात आलो. कितीतरी वर्षे मी तिथे काम केले. यंत्रमागावरच्या कामगारांच्या डोळ्यांत अडकलेला सुताचा तंतू मी दाखवला. वेल्डिंगच्या ठिणगीचा कण दाखवला, ज्वारीच्या कणसातले कुसळही दाखवले. डॉक्टरबाई मला स्वतः पुसत आणि म्हणत, “याच्याइतकी नजर माझीसुद्धा नाही.” आता शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आहे. ते डोळ्याचे चित्र पडद्यावर दाखवते. मी कोपऱ्यात असतो. माझ्यावर एक विटकी चादर टाकलेली असते.

त्या चादरीखाली मला पाहिलेले डोळे आठवायला हवेत. पण सारखा समोर येऊन बसतो तो एक मुलगा, ज्याला मी कधीच पाहिले नाही. त्याचे नाव श्रीशैल. तो का येतो, ते सांगतो.

एके दिवशी कुंभारी गावाहून नागम्मा नावाची आजी मोतीबिंदू दाखवायला आली. तिच्याबरोबर तिची नात सिद्धेश्वरी होती, सातवीत शिकणारी. ती एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून उभी होती. आजी मात्र मला पाहताच दारातच थांबली.

“न्हाय बाई, मी न्हाय बसत. ह्ये मशीन डोळं वडून घेतंय म्हनं.”

“कोण म्हणतं, आजी?”

“आमची शेजारीन. तिचं दोनी डोळं जागच्या जागी हायेत, पन सांगती लई रंगवून.”

बाई हसल्या. “ओढून घेतलेले डोळे मी ठेवू कुठे? कपाट आधीच भरलंय.”

“मंग आदी हिला बसवा. हिला काय झालं न्हाय, तर मी बसते की.”

अशी सिद्धेश्वरी माझ्यासमोर बसली. केवळ आजीची भीती जावी म्हणून. माझा उजेड तिच्या डोळ्यावरून सरकला आणि बुबुळाच्या कडेला मला एक कडे दिसले. तपकिरी, सोनेरी, थोडी हिरवी झाक असलेले. एका डोळ्यात होते, तसेच दुसऱ्यातही. ते मी पूर्वी कधीच पाहिले नव्हते.

बाईंचा हात माझ्या दांड्यावर थांबला. त्यांनी खोलीतला दिवा लावला. “सिद्धी, दोन्ही हात पुढे धर बाळ.”

तिने हात पसरले. पाखराने पंख फडफडवावेत तसे ते हलू लागले.

“हे कधीपासून?”

आजीने आवाज खाली आणला. “ते हिचं न्हाय, बाई. ते आमच्या श्रीशैलचं हाय.”

मग आजीने सगळे सांगितले. श्रीशैल हा सिद्धेश्वरीचा थोरला भाऊ. त्याचेही हात असेच हलत. त्याचेही बोलणे असेच जड झाले होते. पुढे त्याला कावीळ झाली, पोट फुगले आणि तो गेला. काही काळाने बहिणीचे हात हलू लागले. जीभ अडखळू लागली. घरातल्यांनी ओळखले, की श्रीशैलच हिच्या अंगात आला आहे. संध्याकाळी आजी तिच्याजवळ बसून विचारी, “आलास का रे बाळा?” कधीकधी सिद्धेश्वरी त्याच जड आवाजात उत्तर देई, “आलो, अज्जी.” मग आजी त्याच्या आवडीची शेंगाचटणी वाढी. सकाळी त्याच्याच तांब्याच्या भांड्यातले पाणी पाजी. प्रकृतीला बरे म्हणून ते रात्रभर त्यात ठेवलेले असे.

बाईंनी विचारले, “सिद्धीचे आईवडील नात्यातले आहेत का?”

“व्हय की. माझ्या धाकट्या भावालाच माझी लेक दिली. मी हिची अज्जी बी आन् आत्या बी.”

मित्रांनो, आपल्या अन्नात थोडेसे तांबे असते. शरीर हवे तेवढे घेते आणि उरलेले बाहेर टाकते. हजारो मुलांत एखाद्याच मुलाची ही बाहेर टाकायची वाट जन्मापासून बंद असते. मग तांबे यकृतात साठते, मेंदूत साठते आणि डोळ्याच्या कडेला कडे बनून उमटते. याला विल्सनचा आजार म्हणतात. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आला, तरच आजार होतो. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल, तर तसे घडण्याचा संभव वाढतो. यात कोणाचा शाप नसतो. वेळेवर कळले, तर यावर औषध आहे.

बाईंनी केवळ माझ्यावर विसंबून निदान केले नाही. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले. रक्त तपासले, लघवी तपासली. आजार तोच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. त्या जन्मभर घ्यायच्या होत्या. शेंगदाण्यांत तांबे जास्त, म्हणून शेंगाचटणी बंद झाली, तांब्याच्या भांड्यातले पाणीही बंद झाले.

काही आठवड्यांनी ती सगळी पुन्हा आली. या वेळी आईवडील आणि धाकटी बहीण शिवलीलाही होती. सिद्धेश्वरीचे हात आधीपेक्षा जास्त हलत होते.

“गोळ्या घेतेस ना?” बाईंनी विचारले.

तिने मान खाली घातली. “गोळी घेतली की दादा जाईल.”

“असं कोण म्हणालं?”

आजीच पदराने तोंड पुसत म्हणाली, “मीच म्हनलं, सावकाश घे. यवढ्यात नगं. एकदा गेलाय त्यो. परत कसा घालवू?”

मला वाटले, बाई रागावतील. पण त्या आजीच्या शेजारी बसल्या.

“आजी, श्रीशैलचे डोळे कुणी असे तपासले होते?”

“न्हाय. देवरुषाकडं न्हेलं. कावीळ उतरवनाऱ्याकडं न्हेलं. डोळं पिवळं हायेत, यवढंच समद्यांनी बघितलं.”

बाई सिद्धेश्वरीकडे वळल्या. “बाळा, दादा तुझ्या अंगात आलेला नाही. जो आजार त्याला होता, तोच तुला आहे. त्याच्या वेळी तो कुणाला ओळखता आला नाही. औषधाने आजार आटोक्यात येईल. दादाची आठवण पुसली जाणार नाही.”

सिद्धेश्वरी अडखळत म्हणाली, “कधीकधी मी मुद्दामच त्याच्यासारखं बोलायचे. अज्जी हसायची म्हणून.”

आजीने तिला जवळ ओढले. आईने तोंड भिंतीकडे फिरवले.

मित्रांनो, एवढे एक मागणे ऐका. एखाद्याचे हात हलू लागले, बोलणे बदलले, अक्षर बिघडले, तर त्याला हसू नका आणि भुताचे नावही घेऊ नका. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जायला मोठ्यांना सांगा. ज्याच्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही, त्याला नंतर कितीही हाका मारल्या तरी उपयोग नसतो.

मग बाई म्हणाल्या, “आता शिवलीलालाही तपासायला हवं. भावंडांत हा आजार असू शकतो. डोळे आज बघू, रक्त उद्या.”

आजीने शिवलीलाला पदराआड घेतले. “नगं. हिच्यात नगा बघू. हिच्यात बी घावलं तर मी कुटं जाऊ?”

शिवलीला रडू लागली.

सिद्धेश्वरी उठली. तिने आजीच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. पाणी सांडत सांडत, सगळ्यांसमोर एक गोळी गिळली. मग पदराआडून बहिणीला बाहेर काढले आणि माझ्यासमोर बसवले. तिचे डोके मागून धरायला ती गेली, पण तिचे हात थांबेनात. तेव्हा तिने आपले कपाळच शिवलीलाच्या डोक्यामागे घट्ट टेकवले.

“हलू नगंस, शिवा,” ती म्हणाली. “बाई, लावा उजेड.”