एकोणीस दिवसांचा पारा

“हे एकोणीस दिवस मला काही केल्या पटत नाहीत, काका.” भूगोलाच्या बाईंनी नोंदवहीच्या उघड्या पानावर पेन्सिल आडवी ठेवली. “चौतीस वर्षांत दुसरीकडे कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण या एकोणीस सकाळी तुमचा पारा चार दशांशांनी कमी आहे. एखाद्या दिवशी नाही, रोज.”

पारावाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पानाकडे बघितलं. अक्षर त्यांचंच होतं. टपोरं, उभं, एकाही आकड्यावर खाडाखोड नसलेलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी सहीही त्यांचीच होती. वरचं साल बघितलं मात्र, आणि त्यांनी चष्मा पुन्हा काढून पुसायला घेतला.

पारावाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कॉलेजातल्या भूगोल विभागात ते प्रयोगशाळा सहायक होते. म्हणजे शिपायापेक्षा वरचे, प्राध्यापकांपेक्षा खालचे आणि दोघांचीही कामं करणारे. नकाशे गुंडाळायचे, दगडांच्या नमुन्यांवरची धूळ पुसायची, कुणा सरांचा हरवलेला डस्टर शोधायचा. पण सकाळी साडेआठ वाजले की हे सगळं बाजूला. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत चार पायांवर उभी केलेली, फटीफटींच्या भिंतींची एक पांढरी पेटी होती. तिचं दार उघडायचं, आतले तापमापक वाचायचे आणि वहीत आकडे लिहायचे. विद्यार्थ्यांनी कधीतरी ‘पारावाले’ म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू पगारपत्रकावरचं नाव कचेरीलाच तेवढं ठाऊक राहिलं.

निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. आता त्या पेटीपासून दहा पावलांवर एक खांब उभा होता आणि त्याच्या डोक्यावरचं यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान थेट बाईंच्या मोबाइलवर धाडत होतं. यंत्राला सर्दी होत नव्हती, त्याच्या घरी लग्नकार्य निघत नव्हतं. पारावाल्यांना त्याचा राग नव्हता. एवढंच वाटायचं, की दर दहा मिनिटांनी कळत असूनही आज हवा कशी आहे हे कुणी कुणाला विचारत नाही.

बाई विभागात नव्याने आलेल्या. माळ्यावरच्या नोंदवह्या त्यांनी खाली काढल्या, झटकल्या आणि दोन उन्हाळे खपून एकूण एक आकडा संगणकात चढवला. इथली हवा चौतीस वर्षांत किती बदलली यावर त्यांचा शोधनिबंध व्हायचा होता. प्राचार्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी शनिवारी पारावाल्यांचा सत्कार ठरवून टाकला. मानपत्राचा मसुदासुद्धा तयार होता. त्यातलं दुसरंच वाक्य होतं, ‘चौतीस वर्षांत एकाही दिवसाचा खाडा नाही.’ पारावाल्यांनी ते वाक्य चार वेळा वाचलं होतं. आयुष्यात त्यांना कुणी काही लेखी दिलं ते हेच.

“थर्मामीटर बदलला होता का तेव्हा?” बाईंनी विचारलं.

“आठवत नाही,” पारावाले म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्याने तेवढं बोलतानाही त्यांनी नजर भिंतीवरच्या नकाशाकडे वळवली.

बाईंनी मग सविस्तर सांगितलं. जवळच्या धरणावरही तापमानाची नोंद होते. तिथले आणि इथले आकडे वर्षानुवर्षं जोडीने चालतात. या एकोणीस दिवसांत मात्र फारकत. त्यातही गंमत अशी, की पेटीतले आडवे तापमापक, दिवसाचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान दाखवणारे, ते अगदी बरोबर. चूक फक्त त्या क्षणाचं तापमान दाखवणाऱ्या उभ्या तापमापकात. आणि विसाव्या दिवशी तोही आपोआप सुधारतो. कारण सापडत नाही, तेव्हा हे दिवस गाळून टाकणं बरं, असं त्यांचं मत पडलं. बारा हजार दिवसांतून एकोणीस गेले तर निबंधाचं काही अडत नव्हतं.

“गाळा,” पारावाले म्हणाले आणि उठले. जाता जाता पेटी बघून येतो, असं त्यांनी सांगितलं.

पेटी होती तिथेच होती. रंग उडाला होता, पण खांबावरच्या यंत्राशी ताळा करायला बाईंनी आतले तापमापक तसेच ठेवले होते. पारावाल्यांनी दार उघडलं आणि सवयीने गुडघ्यात वाकले. ते चांगले उंच; पाऱ्याच्या टोकाच्या नेमक्या रेषेत डोळे आणायचे तर वाकणं भाग होतं. नजर वरून पडली तर उभ्या तापमापकातला आकडा जास्त दिसतो, खालून पडली तर कमी; आडव्यांना त्याने फरक पडत नाही. कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला त्यांनी हे सांगितलेलं. गुडघा करकरला, त्यांनी पेटीचा पाय धरला आणि त्याच अवस्थेत त्यांच्या डोक्यात उजेड पडला. काखेत कळसा होता आणि बाई धरणापर्यंत वळसा घालून आल्या होत्या.

त्या वर्षी त्यांना कावीळ झाली होती. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलेलं, तरी पहिल्याच सकाळी सव्वाआठला ते सदरा चढवून दारात उभे. बायकोने भिंतीशी टेकवून त्यांना खाली बसवलं.

“मी जाते,” ती म्हणाली. “आकडे वाचता येतात मला.”

“अगं, ते काय दुधाचं माप आहे? माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम आहे.”

“मग वही कोरी ठेवा. नियम खूश होईल.”

वही कोरी राहणं त्यांच्या जिवावर येत होतं आणि हे तिला पक्कं माहीत होतं. मग त्यांनी पडल्या पडल्या तिला दहा मिनिटांचा तास दिला. दार सावकाश उघड. आत श्वास सोडू नकोस. आधी दशांश वाच, अंश नंतर. माणूस जवळ आला की पारा हलायला लागतो. “आणि ताठ उभी राहू नकोस,” शेवटी ते म्हणाले. “गुडघ्यात जरा वाक.”

ती गेली. मुलीला शेजारी ठेवून, कागदाचा कपटा आणि पेन्सिल घेऊन एकोणीस दिवस रोज गेली. पुढे बरे झाल्यावर पारावाल्यांनी ते कपटे समोर ठेवून सगळे आकडे आपल्या अक्षरात वहीत उतरवले आणि खाली सह्या ठोकल्या. रजेचा अर्ज कचेरीत होता, वही प्रयोगशाळेत; दोघांची गाठ कधीच पडली नाही.

त्यांच्या घरात त्याआधीपासून एक खेळ चालायचा. ते नोंद घेऊन घरी डबा न्यायला आले की ती मोरीतल्या पिंपात मनगटापर्यंत हात बुडवायची आणि आजचा आकडा ओळखायची. अर्ध्या अंशापलीकडे ती सहसा चुकत नसे. त्या एकोणीस दिवसांत खेळ उलटा झाला. कपटा मुठीत दाबून ती उशाशी बसायची आणि ओळखायचं त्यांनी. ते दरवेळी थोडंसं जास्तच सांगायचे. “अंगात ताप आहे, म्हणून जगही गरम वाटतंय तुम्हाला,” असं ती म्हणायची आणि जिंकल्याच्या थाटात कपटा उघडायची. हरायला इतकं बरं त्यांना पुन्हा कधी वाटलं नाही.

पारावाले पेटीपाशी उभे राहिले. बायको तर बुटकी. तिने ताठ उभं राहून टाचा उंचावायला हव्या होत्या. आणि त्यांनी तिला वाकायला सांगितलं होतं, कारण ते स्वतः वाकत. नवऱ्याला यातलं कळतं, या भरवशावर ती बिचारी एकोणीस दिवस वाकून खालून वर बघत राहिली होती. चार दशांश तिच्या खाती नव्हते, त्यांच्या खाती होते. त्यांना हसू आलं आणि त्यापाठोपाठ तिची इतकी आठवण आली, की दार लावायचं राहूनच गेलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून काय काय करायचं ठरवलं होतं, त्यासाठी एकच वर्ष वाट्याला आलं. साड्या मुलीने वाटून टाकल्या. तिच्या हातचं म्हणावं असं लिहिलेलं कुठे काही नव्हतं. होते ते हे एकोणीस आकडे, तेही नवऱ्याच्या अक्षरातले, आणि ते गाळा असं आत्ताच ते स्वतःच्या तोंडाने सांगून आले होते.

सांगावं तर शनिवारचं ते वाक्य गेलं. एका दिवसाचा नाही, एकोणीस दिवसांचा खाडा, वर खोट्या सह्या. त्या उघडकीला आल्या की उरलेल्या बारा हजारांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? पारावाल्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. मग दार लावलं आणि जिना चढून पुन्हा बाईंच्या खोलीत गेले.

उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. कावीळ, कपटे, सह्या, आणि वाकण्याची गोष्ट. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी मानपत्राचा मसुदा हळूच पुढे ओढला.

“काका, मग हे वाक्य ठेवता येणार नाही.”

“नका ठेवू,” पारावाले म्हणाले. “पण ते दिवस गाळू नका. तिने एकही दिवस चुकवला नाही. चुकलं ते माझं शिकवणं.”

बाईंनी वहीचं ते पान पुन्हा समोर घेतलं. मग म्हणाल्या, की कारण कळलंय तर गाळायची गरज नाही. डोळे किती खाली होते हे कळलं, तर चूक नेमकी किती ते गणिताने काढता येतं. तेवढी मिळवायची आणि दिवस राहू द्यायचे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र नोंद कुणी घेतली ते लिहावं लागेल. त्यांनी नाव विचारलं. पारावाल्यांनी सांगितलं. संपूर्ण नाव, मधल्या नावासकट, आडनावासकट. बाईंनी एकोणीसही ओळींपुढे ते पेन्सिलीने लिहिलं.

“उंची किती होती त्यांची?”

“ते नाही सांगता यायचं.”

“अंदाजे?”

“न मोजलेला आकडा मी कधी सांगितला नाही, बाई.” पारावाले घुटमळले. “पण दाखवू शकतो.”

दोघं खाली आले. बाईंनी प्रयोगशाळेतली टेप बरोबर घेतली होती. पारावाले पेटीसमोर ताठ उभे राहिले, तिचा चेहरा समोर आला की डोळे कुठे यायचे ते मनाशी धरलं आणि तळहात जमिनीला समांतर करून सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी ठेवला. बाईंनी टेपचं टोक पायाने दाबलं आणि पट्टी वर ओढत नेली.

“एकशे चौतीस,” त्या म्हणाल्या.

“थांबा. वाकलेली होती ती.”

त्यांनी हात सावकाश खाली आणला. चार बोटं, मग जरा विचार करून आणखी दोन. तिथे तो स्थिर केला. बाईंनी पुन्हा मोजलं, खात्रीसाठी आणखी एकदा मोजलं, आकडा लिहून घेतला आणि टेप गुंडाळली.

“झालं, काका,” त्या म्हणाल्या.

पारावाल्यांनी मान हलवली. हात मात्र त्यांनी अजून तिथेच धरला होता, आणि बाई बाजूला उभ्या राहिल्या.