गळ्यावरची हळद

या, जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. देवाच्या दारात घडलेली गोष्ट सांगतो. राग आला तर गिळू नका.

झरीजवळच्या एका वाडीत सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. काल्याचं कीर्तन सुरू व्हायचं होतं आणि भरल्या मांडवात अंबाबाई एकटी उभी होती. गावात कुणी बाई गेली की शेवटची आंघोळ घालायला तिलाच बोलावणं यायचं. तिची लेक दिपाली परभणीला शिकायची. तिथं तिनं डेथ मेटलचा बँड काढला, ‘तिरडी’ नावाचा. त्यांचा ‘शेवटची आंघोळ’ हा अल्बम परवाच आला आणि गावातल्या फोनाफोनांत घुमला. गाणी कसली, घसा फाडून काढलेल्या डरकाळ्या! शब्द एक कळेल तर शपथ.

सकाळीच लेकीचा फोन आला होता.

“माय, ऐकलंस का?”

“ऐकलं. रेडा अडकल्यावानी वरडायलीस.”

“मंग शब्द वाच की.”

“मला कुटं वाचता येतंय, बये?”

आता सप्ताहाचे अध्यक्ष किशनराव माईकवरून गरजत होते. “इथं ये आन् म्हन, दिपाली माजी कुनी न्हाई. न्हाई तर ह्या मांडवात पुन्ना पाय ठेवायचा न्हाई!”

तीस वर्षं ती शेवटच्या रांगेत बसून कीर्तन ऐकत आली होती. मढ्याला लागलेले हात तिथं टाळी वाजवून शुद्ध व्हायचे.

“ऐका लोकहो, काय घान लिव्हलीय!” कुणीतरी फोनवरून उतरवून दिलेला कागद किशनराव पहिल्यांदाच वाचू लागले. किडे, कवट्या, सडलेलं मांस. बाया तोंडाला पदर लावून शी शी करू लागल्या. देह नाशवंत म्हणून कीर्तनात बुवांनी सांगितलं की याच माना डोलायच्या!

“आता पाचवं. ‘हळद’.

पाणी घातलं, मळवट भरला,
गळ्याला दोराचा निळा वळ.
सासू म्हणाली, हळद लाव जाड...”

किशनरावांनी कागद खाली घेतला.

मांडवातल्या माना त्यांच्याकडे वळल्या. दोन वर्षांपूर्वी किशनरावांची सून राजेश्री गेली होती. विहिरीवरची पाण्याची मोटार चालू करायला गेली आन् विहिरीत पडली, असं घरच्यांनी सांगितलं होतं. त्या घराबाहेर वळ एकट्या अंबाबाईनं पाहिला होता आणि रडत रडत एकट्या लेकीलाच सांगितला होता. ‘कुनाला बोलू नगंस’ म्हणून शपथही घातली होती. शपथ मोडली कार्टीनं! अंबाबाईला आधी लेकीचा राग आला. मग स्वतःचा. मग तो राग पायातून उठला तो थेट जिभेवर आला.

“थांबलात कामून?” ती म्हणाली. “किडे तर लय जोरात वाचले. वाचा की पुडं!”

किशनरावांनी कागद चुरगळला. “कुभांड हाय हे पोरीचं.”

“पोरीचं न्हाई. माजं. तुमच्या बायकोनं सांगितलं आन् म्या लावली, दोन बोटं जाड. वळ झाकला, आन् दोन साल हितं येऊन टाळ्या वाजवल्या.” तिनं दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. “दिपाली माजी हाय. कुटं सांगायचं तिथं चला. सांगते.”

आणि ती चालू लागली. कधी नव्हे ते मांडवाच्या पुढच्या दारानं, बुवांच्या समोरून. कुणी अडवलं नाही. काल्याची हंडी त्या दिवशी तशीच लटकत राहिली.

तुमच्या दारी कुणा लेकीला हळद लागेल, तेव्हा गळ्यापाशी घटकाभर हात थांबवा. राजेश्रीची आठवण काढा.