सुयोगचं विरजण

डुबुक.

एवढाच आवाज. दुपारची वेळ, प्रांजल जेवून भिंतीकडे तोंड करून झोपलेली, शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा बंद. तेजल नुकती कुठे पाठ टेकत होती, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली बरणी बोलली. ती उठून बसली. बरणी बोलायला नको होती. कितीतरी दिवसांत तिला कुणी खायला घातलं नव्हतं.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत या बरणीला सगळे विरजण म्हणायचे. दह्याला लागतं तसंच, फक्त हे जांभळाच्या वाइनचं. तेजलच्या नवऱ्याने, सुयोगने, कुडाळच्या घरामागची जांभळं स्वतःच्या हातांनी कुस्करून ते पहिल्यांदा लावलं होतं. तेव्हापासून भांडुपच्या त्यांच्या लहानशा गाळ्यातली प्रत्येक टाकी याच बरणीतल्या पेलाभर गाळाने सुरू व्हायची. बरणीला वर बूच, बुचात पाणी भरलेली वाकडी नळी. आतलं यीस्ट साखर खाऊ लागलं की हवा त्या पाण्यातून बाहेर पडे, डुबुक. खाणं संपलं की बरणी गप्प.

सुयोग डेंग्यूच्या तापाने गेला तेव्हा प्रांजल नीट चालतही नव्हती. आता ती चार वर्षांची होती. बरणी मात्र मधल्या काळात कायमची कधी गप्प झाली नाही. तेजल तिला रस घालायची, साखर घालायची, हिवाळ्यात तिच्याभोवती सुयोगचा जुना टॉवेल गुंडाळायची. डुबुक म्हणजे बाबा, हे प्रांजलने कधीतरी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. "आई, बाबा उठला," ती सकाळी सांगायची. तेजल हो म्हणाली नव्हती कधी. नाहीही म्हणाली नव्हती.

डुबुक.

तेवढ्यात दार वाजलं. नणंद जयंती आत आली ती खोकं कमरेवर घेऊनच. गिऱ्हाइकं आणि डिलिव्हरी ती सांभाळायची.

"वहिनी, वाट लागली आपली."

"हळू बोल गं, ती उठेल."

"पवईच्या हॉटेलवाल्याने अख्खं खोकं परत दिलंय. बघ ही बुचं." तिने एक बाटली उजेडात धरली. बूच अर्धं वर आलं होतं, जणू आतून कुणी ढकललं असावं. "एक तर टेबलावर गिऱ्हाइकासमोर उडालं म्हणे. तो म्हणतो, मॅडम, वाइन देता की फटाके?"

"आत पुन्हा आंबतेय," तेजल पुटपुटली.

"ते झालंच. वास घे ना तू." जयंतीने पेल्यात थोडी ओतली, नाकाशी नेली आणि मान मागे घेतली. "शी! गोठा आहे नुसता. ओलं गोणपाट. ही तू पास केलीस?"

तेजलने पेला घेतला. डोळे मिटले. आणि तोच वास आला, तीन महिन्यांपूर्वी गाळ्यात आलेला.

त्या दिवशी ती स्टुलावर चढून टाकीचं झाकण उघडायला गेली होती. आतून वास आला. सुयोगच्या घड्याळाचा पट्टा! कातड्याचा, घामाने भिजलेला, घरी आल्या आल्या तो फ्रिजवर काढून ठेवायचा तो. ती तिथेच स्टुलावर बसून राहिली होती, टाकीच्या कडेला गाल लावून. मग उठून तिने पाटीवर खडूने लिहिलं होतं, पास.

"जो करेल त्याने पास करायचं नाही, हे दादानेच ठरवलं होतं ना?" जयंती म्हणाली. "तो करायचा, तू हुंगायचीस. स्वतःच्या आमटीचं मीठ स्वतःला कळतं का, म्हणायचा. मग तू केलीस तर मला का नाही बोलावलंस गं?"

"तू नावं ठेवली असतीस."

"ठेवलीच असती! त्यासाठीच तर बोलवायचं असतं."

"त्याचा वास आहे तो, जयंती." तेजलने एका दमात सांगून टाकलं. "सुयोगचा. घड्याळाच्या पट्ट्याचा."

जयंतीने पेला परत घेतला आणि या वेळी सावकाश, बराच वेळ हुंगला. तेजल तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, निकालाची वाट बघावी तशी.

"नाही गं," जयंती हळूच म्हणाली. "दादाला असा वास नव्हता येत. दादाला चंदनाच्या साबणाचा यायचा. आणि पेनाच्या शाईचा."

"शाईचा? सुयोगला?"

"शाळेत जायचा तेव्हा."

मग तेजल उठली, कपाट उघडलं, साड्यांच्या तळातून रुमालात बांधलेलं घड्याळ काढलं. पट्टा नाकाला लावला. डांबराच्या गोळ्या. उलटा करून लावला. डांबराच्या गोळ्याच. जयंतीनेही हुंगला आणि परत दिला.

म्हणजे तो वास आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तो त्याचा होता की नव्हता, हे सांगणारं कुणीच नव्हतं.

डुबुक.

जयंती दचकली. "हिला साखर घातलीस?"

"नाही."

"मग काय खातेय ती?"

तेजलला ठाऊक होतं. सुयोगनेच एकदा समजावलं होतं. एक रानटी जात असते यीस्टची, चोरपावलांनी शिरते. भल्या यीस्टने ताटात टाकलेलं उष्टंखरकटंही तिला पुरतं, महिनोन् महिने चघळत बसते, आणि जिथे जाते तिथे गोठ्याचा, कातड्याचा वास सोडते. ती या बरणीत शिरली होती. कधी, कोण जाणे. तेजलने तिला टॉवेलात गुंडाळून, रस पाजून सांभाळलं होतं, आणि प्रांजल रोज सकाळी तिला बाबा म्हणत होती.

"उद्या जांभळाचा गोठवलेला गर येतोय," जयंती म्हणाली. "नवी टाकी लावायचीय. त्यात हे गेलं तर तीही गेली. मग आपलं नाव कोण घेईल? पाकिटातलं यीस्ट आणू. सगळे आणतात."

"आणि हे?"

जयंतीने बरणीकडे पाहिलं आणि मान फिरवली. "माझ्याने नाही व्हायचं वहिनी. तू सांगशील तर गाळा घासते, टाक्या उकळत्या पाण्याने धुते. पण त्याने हाताने कुस्करलेलं..." तिने ओढणी डोळ्यांना लावली.

"तू फोन कर सगळ्यांना," तेजल म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "विकलेली प्रत्येक बाटली परत मागव. खराब निघालीय म्हणून सांग, सरळ."

जयंती खोकं घेऊन गेली. दार लागलं. तेजलने पुरणाचं मोठं पातेलं काढलं, बरणीचं बूच उपसलं आणि विरजण त्यात ओतलं. जांभळा दाट गाळ, तळाशी चिखलासारखा. नुसतं मोरीत ओतून भागलं नसतं, ते पाइपात जगलं असतं. गॅस पेटवला. खाली लागू नये म्हणून ती डावाने ढवळत राहिली, खीर ढवळावी तसं.

आधी काही झालं नाही. मग कडेने बुडबुडे आले, वाफ उठली, आणि वास घरभर पसरला. इतका, की सुयोग मागेच उभा असावा, घामेजलेला, फ्रिजकडे हात करून. आता घड्याळ ठेवल्याचा टक आवाज येईल. तिने वळून पाहिलं नाही. खिडकीही उघडली नाही. पातेलं खदखदू लागलं, सगळं मरेपर्यंत खदखदत राहिलं, आणि ती नाकाने श्वास घेत राहिली, जितका मावेल तितका.

"आई."

प्रांजल दारात उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने नाक वर केलं आणि झोपेतच हसली.

"बाबाचा वास येतोय."

तेजलने गॅस बंद केला. उकिडवं बसून लेकीला जवळ ओढलं. हो म्हणणं किती सोपं होतं. पण पोरीने हाच वास आयुष्यभर त्याचा म्हणून जपला असता.

"नाही गं राणी," ती म्हणाली. "हा बाबाचा नाही. वाइन खराब झाली होती, तिचा आहे."

प्रांजलने कोपऱ्यातल्या रिकाम्या बरणीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग आईकडे. तिने आईच्या मानेत नाक खुपसलं आणि बराच वेळ काही शोधत राहिली.

"मग बाबाचा खरा वास कसा होता?"