रंजिताच्या हळदीची लिंक

माझा धंदा मंडपाचा. पनवेलच्या एसटी स्टँडमागे ऑफिस आणि आपट्याच्या रस्त्याला गोदाम. अर्ध्या तालुक्याच्या हळदी माझ्या कापडाखाली झाल्यात, त्यामुळे कुणाकडे कधी कार्य आहे, जेवायला किती माणूस, नवरीचा फोन नंबर काय, हे सगळं आमच्याकडे असतं. मागच्या वर्षी असाच एक नंबर ऑफिसातून फुटला. त्या पोरीला साडीवाल्यापासून हनिमूनवाल्यापर्यंत सगळ्यांचे फोन सुरू झाले. तिचा बाप माझ्या टेबलावर हात आपटून गेला. चूक आमचीच होती, म्हणून मला जास्तच राग आला.

मी पुण्याहून सुशांत साहेबांना बोलावलं. हे साहेब कंपन्यांची माहिती सांभाळायचं काम करतात. त्यांनी आमची सगळी गिऱ्हाइकं आणि ऑर्डरी क्लाउडवर नेऊन ठेवल्या, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात. आपली वस्तू आपल्या घरात सुरक्षित नाही म्हणून परक्याच्या घरात ठेवायची, हे काही मला पटेना. पण बायकोचे दागिने बँकेतच असतात, हे आठवलं आणि गप्प बसलो.

मग साहेब म्हणाले, "आता माणसांची परीक्षा घेऊ." घेतली, आणि तीही कधी, कशी ते मला न सांगता. सगळ्या स्टाफच्या मोबाइलवर मेसेज गेला: 'शेठची मुलगी रंजिता हिची हळद. अधिक माहितीसाठी लिंक दाबा.' रंजिताचं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं! पण आमच्याकडचा माणूस हळदीची लिंक दाबणार नाही तर काय करणार? झाडून सगळ्यांनी दाबली. वर रविवारी संध्याकाळी नवे कपडे घालून, आहेर घेऊन माझ्या दारात हजर. मी लुंगीवर बोंबील भाजत बसलो होतो. मंडपाचा सुपरवायझर बाळू तर बेंजोवाल्यांनाच घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांची हजेरी घेतली. यापुढे मेसेजचा संशय आला की साहेबांनी मोबाइलवर दिलेलं तक्रारीचं लाल बटण दाबायचं. ऑर्डर क्लाउडवरूनच घ्यायची. फोनवर माझा आवाज आला तरी ऐकायचं नाही, कारण हल्ली आवाजही खोटे बनवतात. आधी खुणेचा शब्द विचारायचा.

महिन्याभरात सगळे सरळ झाले. एक रामू सोडून. रामू आमचा टेम्पो ड्रायव्हर. लॉटरी लागली म्हणा, वीज तोडणार म्हणा, रामू दाबणारच.

"कुनी येवड्या मायेनं पाटवलाय शेट, दाबला नाय तं तेला काय वाटंल?"

"परत दाबलीस तर टेम्पोची चावी ठेवायची आणि घरी जायचं," मी सांगून टाकलं.

तेवढ्यात रंजिताचं खरंच जमलं. मुलगा करंजा गावचा, निकेश, जहाजावर नोकरीला. स्थळ चांगलं, पण त्याचं जहाज लवकर सुटणार, म्हणून लग्नाची घाई. मी शिस्तीचा माणूस. स्वतःच्या पोरीच्या मंडपाची ऑर्डरही क्लाउडवर टाकली, तिथून हळदीची लिंक सगळ्यांच्या मोबाइलवर गेली, आणि मी आमंत्रणं द्यायला गावोगाव निघालो. मंडप हळदीच्या दिवशी सकाळी उभा राहायचा होता. मी सकाळीच करंज्याला व्याह्यांकडे गेलो आणि दुपारी परत आलो.

अंगणात मंडप नव्हता. फक्त स्वागताची कमान उभी होती, दिव्यांची, झगमगीत. कमानीतून आत बघावं तर शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत. आणि कमानीखाली एका खुर्चीवर, चकचकीत शर्ट घालून, रामू.

"बाकीचे कुटं हायत?" मी ओरडलो.

"म्हाईत नाय, शेट. लिंक आयली, मी दाबली. येकट्याला उचलला तेवडा घेऊन आयलो." बोलता बोलता त्याने टेम्पोची चावी माझ्यापुढे धरली.

माझी बायको आशालता पदर खोचून बाहेर आली. "बाळूला मी फोन केला. म्हनतो कसा, वयनी, या टायमाला आमी फसनार नाय. आनि ठेवला!"

तिच्यामागे रंजिता उभी होती, पिवळ्या साडीत. डोळे भरलेले. "बाबा, आख्ख्या पनवेलला तुमी मांडव घालता. माझी हळद उघड्यावर?"

मी बाळूला फोन लावला.

"आवाज तं शेटचाच हाय," बाळू म्हणाला. "खुनेचा शब्द बोला."

खुणेचा शब्द मीच ठरवला होता आणि मीच विसरलो होतो. तो क्लाउडवर ठेवला होता. पासवर्ड टाकला, चुकला. परत चुकला. मग खात्याला कुलूपच लागलं आणि खाली ओळ आली: 'कुलूप उघडण्यासाठी शेठशी संपर्क साधा.'

तिकडे वाटेवर पाहुणे दिसायला लागले. माझा तोल गेला. मी बाळूच्या आज्यापासून सुरुवात केली. त्याचं घराणं, त्याची अक्कल, त्याने गेल्या शिमग्याला पाण्यात घातलेला माझा जनरेटर, काही म्हणून सोडलं नाही. आशालताने रंजिताचे कान झाकले. पाहुणे कमानीखालीच थांबले.

"शेट!" बाळू किंचाळला. "तुमीच हाव! आरं पोरांनो, गाड्या काढा, खरीच हळद हाय!"

आली माझी माणसं. दिवेलागणीच्या आत मंडप उभा केला, असा की मीच बघत राहिलो. तोवर पाहुण्यांना चहा रामूनेच दिला. चावी मी त्याच्या खिशात परत कोंबली. रंजिताने उष्टी हळद घेतली आणि त्याच्या चकचकीत शर्टावर पहिला हात उमटवला. तो शर्ट रामू अजून धुवायला देत नाही.

लग्न झाल्यावर सुशांत साहेबांचा अहवाल आला. सगळा स्टाफ पहिल्या वर्गात पास, लाल बटण वेळेवर दाबल्याबद्दल शाब्बासकी. फक्त रामू नापास, आणि त्याला क्लाउडवरून ताबडतोब काढून टाकण्याची शिफारस.

मी साहेबांना लगेच फोन लावला आणि अहवालाबद्दलचं माझं मत अगदी मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही, की मी खरंच काशिराम घरत आहे कशावरून.