घरचा मूग, बाहेरचा मूग

गोमतीबाईच्या घरात मुगाचे दोन डबे होते. त्यातल्या एकाच्या झाकणावर चुन्याचा ठिपका होता. ठिपक्याचा डबा घरच्यांचा आणि बिनठिपक्याचा उरलेल्या जगाचा.

ही अक्कल काही तिला एकटीलाच सुचली नव्हती. किन्हीराजाजवळच्या त्या तांड्यावर चार-पाच वर्षांपासून घरोघरी हेच चाललं होतं. मुगाच्या शेंगा एका दिवशी वाळत नाहीत. चार वाळतात, चार हिरव्याच राहतात, आणि बायांना तोडणीला तीन-तीनदा जावं लागतं. मग कुणीतरी शोध लावला, की तण मारायचं औषध उभ्या पिकावरच मारलं तर पाला आणि शेंगा आठ दिवसांत एकसारख्या करपतात, आणि एका दमात कापणी उरकते. विषाला औषध म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, ही आपली जुनीच खोड. गोमतीबाईचा नवरा सेवालाल पाठीला पंप लावून शेतभर फिरायचा, फक्त विहिरीकडच्या चार ओळी सोडायचा. त्या ओळींच्या शेंगा गोमतीबाई हातानं तोडायची. तो मूग ठिपक्याच्या डब्यात जायचा. फवारलेला मूग जायचा बाजारात. त्यातलाच एक डबा घरी ठेवलेला असे, मळणीच्या मजुरांसाठी, पाहुण्यारावळ्यांसाठी आणि भंडाऱ्याला द्यायला.

त्या दुसऱ्या डब्यातली डाळ शिजायला लागली की गोमतीबाईला वास यायचा. बाकी कुणाला यायचा नाही. सेवालाल म्हणायचा, तुझ्या नाकातच खोट आहे. पण तिला यायचा, कुजक्या ओल्या गोणपाटासारखा. नाकाला पदर लावून ती डाळ ढवळायची. मग पदर खाली घेऊन हसतमुखानं बाहेर यायची आणि मजुरांच्या ताटात पळीवर पळी ओतायची, वर आग्रह करायची, घ्या न भाऊ, लाजू नका. मजूर म्हणायचे, अन्नपूर्णेचं घर आहे.

यंदा दसरा झाला आणि सोयाबीनची मळणी सुरू झाली, तशी ती लेकीला भेटायला निघाली. रंजीताला रिठदकडच्या तांड्यावर दिली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. मजुरांच्या जेवणाचं सुनेवर, शीलावर सोपवून गोमतीबाईनं पिशवी भरली. पिशवीत ठिपक्याच्या डब्यातला दोन शेर मूग होता आणि मधाची एक बाटली. बांधावरच्या बाभळीला मोहोळ लागलं होतं, ते सेवालालनं धूर करून उतरवलं होतं. तिनं स्वतः फडक्यातून दोनदा गाळलं होतं. मुगाचं एक वेळ सांगता येत नाही, पण मध म्हणजे माशीची कमाई, त्याला कुणाचा हात लागत नाही, असं तिचं पक्कं मत होतं. तसलीच दुसरी बाटली घरी होती, पाच महिन्यांच्या नातवासाठी. रोज सकाळी एक बोट चाटव, पोराला खोकला होत नाही, असं तिनं शीलाला बजावून ठेवलं होतं.

दोन गाड्या बदलून ती दुपारी पोचली. विहीणबाई झमकीबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच पाट मांडला. ताटात भाकर, ठेचा आणि मुगाचं वरण होतं. पहिलाच घास तोंडात गेला आणि गोमतीबाईचं नाक जागं झालं. तिनं मनाला दटावलं, लेकीच्या घरी असलं काही मनात आणू नये. झमकीबाई समोर पळी घेऊन बसली होती आणि आग्रह करत होती, घ्या न इहीनबाई, लाजू नका. गोमतीबाईनं भिडेखातर दोन वाट्या संपवल्या.

हात धुवायला ती आत गेली, तेव्हा चुलीमागच्या फळीवर तिला दोन डबे दिसले. एकाच्या कडीला लाल दोरा बांधलेला होता. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. तिनं बिनदोऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं, वास घेतला आणि ठेवून दिलं. मग ती तरातरा गोठ्यामागं गेली, दोन बोटं घशात घातली आणि खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. पिवळं वरण शेणावर पडलं. पोट रिकामं झालं तरी तोंडातला गोणपाट जाईना. किळस तिला मुगाची आली होती आणि मुगापेक्षा त्या आग्रहाची जास्त.

रंजीता लोटा घेऊन धावत आली. गोमतीबाईनं चूळ भरली आणि लेकीच्या पोटाकडे पाहिलं.

"तू कोनत्या डब्यातलं खातं?" तिनं विचारलं.

रंजीताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बघत आईला म्हणाली, "माह्यं काही ठरेल नाई, याडी. सगळ्यायचं झाल्यावर मी जेवतो. मजूर असले का त्यायचंच उरते."

गोमतीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी आपली, पोटात वंश यांचा, आणि ताटात मजुरांची खरवड. लाल दोऱ्याच्या डब्यातलं जावई करण खातो, सासरा खातो, आणि दोन जिवांची बाई मात्र बाहेरच्यांत मोजलेली. ती तशीच आत गेली आणि पिशवीतला मूग आणि मधाची बाटली झमकीबाईपुढं ठेवली. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही चढलाच. तुमचे डबे मी पाहिले, माझ्या लेकीला विष चारू नका, हा मूग बिनफवाऱ्याचा आहे आणि हा मध निर्मळ आहे, हेच तिला द्या, असं तिनं तोंडावर सांगितलं.

झमकीबाई ओशाळली नाही आणि भांडलीही नाही. दोन्ही डबे तिनंच भरलेले होते, लपवायचं काय. रंजीताला उद्यापासून घरच्या डब्यातलं देते, हे तिनं कबूल केलं, चुकलं म्हणाली. मूग तिनं ठेवून घेतला. मग बाटली उजेडात धरली, बूच काढून हुंगली आणि विचारलं, मोहोळ कुठलं?

"आमच्याच बांधावरचं," गोमतीबाई म्हणाली.

"बांधावर तुमी काय मारता?"

बांधावरचं तण सेवालाल पावसाळ्यात दोनदा जाळायचा, त्याच पंपानं. फवारल्यावर त्या तणातला तरोटा लगेच मरत नाही. चार-पाच दिवस हिरवाच असतो, पिवळा फुललेलाही असतो, आणि त्याच्यावर माशा घोंघावत असतात. यंदा तिनं ते उभं राहून पाहिलं होतं, आणि यंदा मोहोळ भरेल म्हणून खूशही झाली होती.

"मुगाच्या चार ओळी आपल्याले सोडता येते, इहीनबाई," झमकीबाई म्हणाली. "माशीले कोन सांगन, घरचं कोनतं अन बाहेरचं कोनतं?" आणि बाटलीला बूच लावून तिनं ती परत पिशवीत ठेवली.

गोमतीबाई मुक्कामाला थांबली नाही. परतीच्या गाडीत बाटली मांडीवर होती आणि दोन्ही बाजूंनी सोयाबीन निघालेली काळी शेतं मागं पळत होती. बांध तेवढे जळून पिवळे पडलेले होते, एकजात सगळ्यांचे. आजवर किती पाव्हण्यांना वाढलं, किती भंडाऱ्यांत ओतलं, हे तिला आठवत राहिलं. आपल्याच हाताची शिसारी येणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं.

दिवस मावळता ती तांड्यावर उतरली. मजूर जेवून गेले होते. ओसरीवर शीला नातवाला मांडीवर घेऊन एकटीच जेवत होती, मजुरांच्या त्या मोठ्या पातेल्यातून. गोमतीबाई पायरीशीच थांबली. अंगावर पाजणारी बाई, आणि तिचं ताट कोणत्या डब्यातलं आहे, हे या घरात कधी कुणी पाहिलं नव्हतं. तिनंही नाही.

"काहून हे खाऊन राह्यली?" तिनं विचारलं.

"उरलं होतं न, आई," शीला म्हणाली. "अन्न फेकू नोको, असं तुमीच म्हनता."

पोराचे ओठ चकाकत होते. सकाळी मळणीच्या घाईत राहून गेलं होतं, आत्ताच मध चाटवला, शीलानं सांगितलं. सासूनं सांगितलेलं एकही दिवस चुकवलं नाही, याचं समाधान तिच्या तोंडावर दिसत होतं.

गोमतीबाईनं पिशवी टाकली, पोराला ओढून घेतलं आणि पदराचं टोक ओलं करून त्याचे ओठ, जीभ, हिरड्या पुसू लागली. दुपारी स्वतःच्या घशात घातलेल्या त्याच बोटांनी. पोरगं रडलं नाही. त्यानं आजीचं बोट बोळक्या हिरड्यांत घट्ट धरलं आणि मटामटा चोखायला लागलं. त्याला वाटलं, आजीनं आणखी मध आणला.