पांढऱ्याची पारख

"काका, रागावू नका हं, पण सगळ्यांचे ओठ निळे दिसताहेत," सिस्टर म्हणाल्या.

भर दुपारचे दोन वाजले होते आणि खोलीत जाड पडदे ओढून काळोख केलेला होता. सिस्टर इस्पितळात रात्रपाळी करायच्या, त्यामुळे त्यांचा सिनेमाचा खेळ नेहमी दुपारीच. समोर पडद्यावर एक कुटुंब हसतखेळत जेवायला बसलं होतं आणि फोकसकाका सिस्टरांच्या आरामखुर्चीत बसून ते चित्र निरखत होते. प्रोजेक्टरला त्यांनी अजून हातही लावला नव्हता.

ही त्यांची पद्धतच होती. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की गिऱ्हाईक जिथे बसतं तिथे आधी बसायचं, दहा मिनिटं तोंड बंद ठेवायचं आणि पडदा बघायचा. हत्यारांची पिशवी तोवर उघडायची नाही. नव्या लोकांना वाटायचं, म्हातारा फुकटात सिनेमा बघायला आलाय. पण दहा मिनिटांनी काका उठायचे ते दुखणं ओळखूनच. चित्र एकाच बाजूला पुसट असेल तर मशीन पडद्यासमोर तिरकं बसलंय. सगळीकडेच पुसट असेल तर कुणीतरी भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसलंय. चित्र मलूल असेल तर हवेची जाळी धुळीनं बुजली आहे, नाहीतर दिव्याचं वय झालंय. एका घरी तर मशीन ठणठणीत होतं, पण घरमालकानं हौसेनं बाजूच्या भिंतीला भडक केशरी रंग दिला होता आणि तोच पडद्यावर सांडत होता. तिथे काका पिशवी न उघडता, रंगाऱ्याला बोलवा, एवढं सांगून चालते झाले.

घरोघरचे प्रोजेक्टर दुरुस्त करायला लागण्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी एका सिनेमागृहात यंत्र चालवलं होतं. इतर सिनेमागृहांत चित्र धूसर झालं की प्रेक्षक ‘फोकस! फोकस!’ म्हणून बोंब ठोकायचे. काकांच्या पाळीत ती बोंब एकदाही झाली नाही, म्हणून सोबत्यांनी थट्टेनं त्यांनाच ते नाव देऊन टाकलं. पुढे सिनेमागृह पाडलं, तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली, सोबती पांगले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता वय अडुसष्ट. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवायचे.

सिस्टरांकडे ते चार दिवसांपूर्वीच येऊन गेले होते. जाळी साफ केली होती, मशीन सरळ बसवलं होतं आणि शेवटी रंग जुळवून दिले होते. केलेल्या कामाची तक्रार येण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

"निळे? कुठं निळे?" त्यांनी विचारलं. "चांगले लालबुंद आहेत की."

"अहो काका, माझं कामच आहे ते. पेशंटचे ओठ निळे दिसले की मी ऑक्सिजनला धावते. काल नायिका गाणं म्हणत होती आणि मला सारखं वाटत होतं, उठून हिची नाडी बघावी. काही केल्या सिनेमात जीवच रमेना."

काका हसले. मग उठून त्यांनी पडद्यावर नुसता पांढरा उजेड सोडला, खिडकीचा पडदा बोटभर सरकवला आणि खिशातून घडीचा रुमाल काढला. रुमाल हा त्यांचा शेवटचा साक्षीदार. दिवसाच्या उजेडात रुमाल धरायचा, शेजारी पडद्याचा पांढरा बघायचा. दोन्ही एकसारखे दिसले की रंग बरोबर. म्हणून तर ते कामं दिवसाच घ्यायचे. मशिनमधले आकडे काय, कुणीही वाचेल. पांढरा ओळखणं सोपं नाही, असं ते अभिमानानं सांगायचे.

"या इकडे. हा रुमाल आणि हा पडदा. दाखवा फरक!"

सिस्टरांनी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"फरक नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "पण काका, तुमचा रुमालच निळा आहे."

"काहीतरीच काय!"

सिस्टर आत गेल्या आणि जखमेला लावायच्या जाळीदार पट्टीचं पाकीट घेऊन आल्या. पाकीट फोडून त्यांनी पट्टी रुमालावर ठेवली.

"ही कशी दिसते?"

"ही जुनी आहे. पिवळी पडलीये," काका चटकन म्हणाले.

"आत्ता तुमच्यासमोर फोडलं ना मी पाकीट?"

सिस्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, विजेरी आणून आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात उजेड टाकला. त्यांच्या आवाजातली थट्टा आता गेली होती.

"काका, मोतीबिंदू पिकतोय. दोन्हीकडे. एक प्रकार असा असतो की बराच काळ स्पष्ट दिसत राहतं, पण पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. सावकाश होतं ना, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. घाबरायचं कारण नाही, ऑपरेशननं जातो. नक्की काय ते डॉक्टर बघतील."

"सव्वीस वर्षं पडदा बघितलाय मी, सिस्टर."

"माहीत आहे हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी दोघे जण येऊन गेले. तिरकं मशीन सरळ करायचं दोघांनाही सुचलं नाही."

काकांना ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. बाहेर पडताना पहिल्यांदाच ते पिशवी विसरले आणि परत फिरून आले.

घरी पोचले तेव्हा काकू मागच्या अंगणात बादलीत कपडे पिळत होत्या. काका दारात थबकले.

"अगं, तू रुमालाला नीळ घालतेस?"

"घालते की. तुम्हीच नाही का म्हणालात, रुमाल पिवळे पडलेत म्हणून?"

"कधी?"

"झालं असेल दीड वर्ष. एक थेंब घातला, तरी म्हणालात पिवळेच. दोन घातले, तरी पिवळेच. हल्ली तर अर्धं बूच घालतेय. सदरे, चादरी, सगळ्याला."

"तुला कसे दिसतात?"

काकूंनी हातातला सदरा बादलीत सोडला. पदराला हात पुसायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

"मला ते आधीपण पांढरेच दिसत होते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पिवळे म्हणालात. रंगाचं या घरात मी तुम्हाला काय सांगणार?"

काका पायरीवर बसले. त्यांच्या ध्यानात आलं ते असं. डोळा पिवळा झाला तरी बिघडलं नसतं. रुमाल आणि पडदा दोन्ही सारखेच पिवळे दिसले असते आणि रंग बरोबर जुळला असता. रुमाल खोटं बोलला नसता. पण त्यांच्या डोळ्यानं रुमालावर आळ घेतला, बायकोनं नवऱ्यावर विश्वास ठेवून रुमालाला नीळ पाजली, आणि त्या निळ्या रुमालाला साक्षी ठेवून ते घरोघरी रंग जुळवत हिंडले. सरळमार्गी माणसानं केलेली चूकसुद्धा किती सरळ रेषेत जाते, याचं त्यांना हसू आलं.

मग त्यांनी वही काढली. प्रत्येक घरचे तीन आकडे त्यात लिहिलेले असायचे: लाल, हिरवा, निळा. जुन्या पानांवर निळा पन्नास, एक्कावन्न, पुन्हा पन्नास. मग त्रेपन्न. मग सत्तावन्न. मग बासष्ट. सिस्टरांच्या पानावर अडुसष्ट. आपल्या डोळ्यांचा आजार त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात, तारीख घालून, इमानदारीनं नोंदवून ठेवला होता. त्रेपन्नपासून पुढे मोजलं तर तेवीस घरं भरली.

"उद्यापासून या सगळ्यांकडे जायचं," ते म्हणाले.

"आधी डोळ्यांचं बघू. मग जा हवं तिथे."

"डॉक्टरकडे जाऊच. पण ऑपरेशन होऊन डोळा स्थिरावेपर्यंत दोन महिने जातील. तोवर ती माणसं माझ्या मोतीबिंदूतून सिनेमा बघणार. त्यांनी काय पाप केलंय?"

"मग फोन करा आणि सांगा, निळा पन्नासवर आणा म्हणून."

"असं नसतं गं. प्रत्येक मशीन वेगळं, दिव्याचं वय वेगळं, भिंत वेगळी. डोळा लागतो तिथे." ते जरा थांबले. "तू चल."

"मी? मला त्यातलं काय कळतंय?"

"पांढरं कळतं ना?"

"चाळीस वर्षं कपडे धुतेय, पांढरं नाही कळणार?" काकू फणकारल्या, आणि त्या फणकाऱ्यातच त्यांनी होकार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून वरात निघाली. पुढे काका पिशवी घेऊन, मागे काकू कोरा, न धुतलेला उशीचा अभ्रा घेऊन. पहिलं घर वकिलांचं. वकील पाहुण्यांना मुद्दाम सिनेमा दाखवायला बोलवायचे, एवढे ते आपल्या चित्रावर खूश होते.

"या, या, फोकसकाका! तुम्ही हात लावल्यापासून काय झकास दिसतंय!"

"झकास नाही, वकीलसाहेब. चुकलंय. माझी चूक आहे," असं म्हणून काकांनी डोळ्यांपासून रुमालापर्यंत सगळं सांगितलं.

वकील चक्रावले. "अहो, पण मला काही कळलंच नव्हतं. तुम्ही गप्प बसला असतात तर जन्मात कळलं नसतं. उगाच कबूल कशाला करताय?"

"सिनेमा बनवणाऱ्यानं झाड हिरवं काढलं असेल, साहेब. ते मी निळं करून दाखवणं बरोबर नाही," काका म्हणाले आणि कामाला लागले.

काकू संकोचून खुर्चीच्या कडेला टेकल्या. काका मशिनपाशी उभे राहून एकेक आकडा उतरवू लागले आणि काकू अभ्रा धरून सांगू लागल्या, "अजून निळा आहे... अजून... हां, आता आलं. नाही, एक मागे घ्या. बस्स." पुन्हा सिनेमा लावला तेव्हा वकील, "अरेच्चा!" म्हणून उठूनच उभे राहिले. बागेतलं गवत पुन्हा गवतासारखं दिसत होतं.

सगळीकडे असं झालं नाही. चार घरांनी तोंडावर सांगितलं की यापुढे आम्ही दुसऱ्याला बोलवू, म्हाताऱ्या डोळ्यांचा काय भरवसा. काकांनी त्यांचेही रंग जुळवून दिले, वहीत नवे आकडे लिहिले आणि नमस्कार करून ते बाहेर पडले. अशा एका घरातून निघाल्यावर काकू रस्त्यात उसळल्या, "उपकार करायला गेलो होतो, आणि बोलणं बघा त्या माणसाचं!" काका म्हणाले, "खरं तेच बोलला की तो." पुढच्या वळणावर काकूंनी पिशवी त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतली.

दरम्यान डॉक्टरांनी सिस्टर म्हणाल्या तेच सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. तारखेच्या आदल्या दिवशी तेविसावं घर झालं. ते सिस्टरांचं. त्यांनी हट्टानं शेवटचा नंबर मागून घेतला होता; इतरांचं आधी होऊ दे म्हणाल्या. काकूंनी अभ्रा धरला, काकांनी आकडे उतरवले, आणि पडद्यावरचं ते कुटुंब पुन्हा जेवायला बसलं.

"ओठ?" काकांनी विचारलं.

"सगळे ठणठणीत," सिस्टर म्हणाल्या. "कुणालाही भरती करायची गरज नाही."

काका मोठ्यांदा हसले. मग वहीच्या पानावर नवे आकडे लिहून त्यांनी शेजारी काकूंना त्यांच्या नावाची सही करायला लावली. पारख तिची, तर सही तिची.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनीच पट्टी सोडली आणि घरी धाडताना बजावलं, डोळ्याला हात लावायचा नाही, वाकायचं नाही आणि हो, काही दिवस सगळं जरा निळसर वाटेल, त्याची काळजी करायची नाही. काकांनी सोडलेली पट्टी मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

घरी आल्यावर चहा ठेवायला काकू आत गेल्या, तेवढ्यात काका मागच्या अंगणात आले. ऊन लख्ख पडलं होतं. दोरीवर कपडे वाळत होते: त्यांचे सदरे, रुमालांची रांग, उशांचे अभ्रे, चादर, काकूंची पांढरी काठापदराची साडी. सगळं निळं. चांगलं आभाळाएवढं निळं. दीड वर्ष हे कपडे अंगावर घालून ती बाजारात गेली, शेजारी गेली, नणंदेकडे बारशाला गेली. लोक हसले नसतील? एकदाही येऊन सांगितलं नाही तिनं.

चहाचे कप घेऊन काकू दारात आल्या आणि त्यांना तिथे उभं बघून गडबडल्या.

"सिस्टर म्हणाल्या ना, काही दिवस निळं वाटेल म्हणून," त्या घाईनं म्हणाल्या. "त्यानंच वाटत असेल."

काकांनी दोरीवरचा एक रुमाल काढला. खिशातून पट्टी काढली, उन्हात नीट उलगडून रुमालावर ठेवली आणि डावा डोळा हातानं झाकून बराच वेळ पाहिलं.

"पट्टी पांढरी आहे," ते म्हणाले.

काकू खाली बघत राहिल्या. "आणा इकडे. दोनदा उकळले की नीळ सुटेल. पांढरे करून देते सगळे."

"बाकीचे कर," काका म्हणाले. त्यांनी त्या रुमालाची चौकोनी घडी घातली, कडेला कड जुळवून, आणि तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

मग त्यांनी तिच्या हातातले दोन्ही कप घेतले आणि पायरीवर तिच्यासाठी जागा करून ते बसले.